दहा जणांची थुंकी

बाईनं तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि ते दोन बोटांपलीकडे उघडेना, तेव्हा त्याच्या काळजात धस्स झालं. तसं धस्स व्हायचं काही कारण नव्हतं. दवाखान्याच्या या इमारतीत रोज अशी पन्नास तोंडं येतात, कुणाचं उघडत नाही, कुणाचं धड मिटत नाही, आणि तो त्यांच्यामधून सकाळी साडेआठला डब्याची पिशवी सांभाळत 'सरका जरा, सरका' म्हणत आपल्या प्रयोगशाळेकडे जातो. बावीस वर्षांत माणूस निबर होतो. पण या बाईनं त्याला हाक मारली होती. बाकावरून अर्धवट उठून, तोंडाशी रुमाल धरून ती म्हणाली, "ओळखलंत का मला? मी शिवणकाम करते. एप्रिलमध्ये आले होते. तुम्हीच नळी दिली होती थुंकायला." त्यानं ओळखल्यासारखी मान हलवली. नळ्या तो शेकडो जणांना देतो. "रिपोर्टही तुम्हीच हातात दिलात. म्हणालात, बाई, काही नाही, जा, निवांत झोपा आता. खरं सांगते दादा, त्याच्याआधी दोन महिने डोळ्याला डोळा नव्हता माझ्या. तुम्ही म्हणालात आणि आठ महिने इतकी छान झोप लागली मला." हे ती आभार मानावेत तसं बोलली. मग त्यानं विचारलं, "मग आज कशाला आलात?" आणि तिनं रुमाल बाजूला केला.

डावा गाल आतून कुणीतरी चिंधी कोंबल्यासारखा फुगला होता. 'आ' करायला गेली तर ओठ थरथरले आणि तिथंच थांबले. "परवा तुकडा काढला. सर्जन म्हणाले, आधी यायला हवं होतंत. आता मी आधीच आले होते की नाही, तुम्हीच सांगा." तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, साक्षीला बोलवावं तसं. तो "हो, हो" म्हणाला, "बसा तुम्ही, नंबर येईल" म्हणाला आणि चालायला लागला. तीस पावलांवर प्रयोगशाळेचं दार होतं. त्या तीस पावलांत नेमकं काय चुकलं हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं. फक्त जीभ आपोआप डाव्या बाजूला, दाढेपाशी गेली, आणि तिथल्या खरखरीत जागेला लागून परत आली. गेले कित्येक महिने ती अशीच जात होती. दाढ टोचते, एकदा घासून घ्यायला हवी, एवढाच विचार तो दर वेळी करायचा.

प्रयोगशाळेत त्याला सगळे नॉर्मल म्हणत. 'नॉर्मल आले का?' 'नॉर्मलना विचारा, किल्ली कुठाय.' नव्यानं आलेल्यांना हे थट्टेतलं नाव आहे हेसुद्धा ठाऊक नसे. सहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ही थुंकीची तपासणी बसवली तेव्हापासूनचं ते नाव. मॅडमचं म्हणणं साधं होतं: तोंडाचा कॅन्सर डोळ्यांना दिसायच्या आधी थुंकीत उतरतो, तर आपण त्याला तिथंच गाठायचा. थुंकीत एक प्रथिन असतं, ते आजारी तोंडात वाढतं. पण वाढलं म्हणजे किती? कशापेक्षा? त्यासाठी निरोगी माणसांची थुंकी हवी. म्हणून दहा धडधाकट माणसं निवडली, त्यांची थुंकी एकत्र केली, आणि ती झाली नॉर्मलची नळी. प्रत्येक तपासणीत प्लेटच्या, म्हणजे बारक्या खळग्यांच्या तबकडीच्या, पहिल्या खळग्यांत ती जायची, पुढच्या खळग्यांत रुग्णांची. रुग्णाचा आकडा नॉर्मलच्या दुप्पट झाला की बायोप्सी करायची, म्हणजे गालाच्या आतला तुकडा काढून तपासायचा. दुपटीच्या खाली राहिला की 'सहा महिन्यांनी दाखवा.' ज्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो आणि डॉक्टरांचं मन ठरत नाही, अशांसाठी हे सगळं. तो ते इतक्यांना इतक्या वेळा समजावून सांगायचा की झोपेतही सांगू शकला असता.

ती दहा माणसं म्हणजे तो स्वतः, पहारेकरी, कँटीनवाल्या बाई, दोन क्लार्क, लिफ्टवाला आणि असेच इकडचे तिकडचे. पहिली दोन वर्षं मजेची गेली. महिन्यातून एकदा सकाळी सात वाजता, अनशापोटी, चूळ भरून, सगळे ओळीनं बसून नळीत थुंकायचे आणि एकमेकांना हसायचे. मग पहारेकरी निवृत्त झाला. एका क्लार्कची बदली झाली. लिफ्टवाला म्हणाला, "माझी थुंकी सुकली हो आता, मला सोडा." कँटीनवाल्या बाई म्हणाल्या, सात वाजता माझी घाई असते, तुम्हाला काय चोचले सुचतात. दर वेळी नवा माणूस शोधायचा म्हणजे त्याचा फॉर्म भरा, त्याचं तोंड तपासून घ्या, त्याची सही घ्या. एका सकाळी दहातले चारच आले आणि प्लेट तर त्याच दिवशी लावायची होती. उरलेल्या सहा नळ्या त्यानं स्वतः भरल्या. आकडा आला तोच, जुन्या नळीसारखा, तीसच्या आसपास. मग पुढच्या वेळी सात भरल्या. तीन वर्षांपासून दहाच्या दहा तोच भरत होता. वहीत दहा नंबर लिहायचा, दोन वेगवेगळ्या पेनांनी. त्यात कुणाचं काही लुबाडायचं नव्हतं. काम अडू नये, एवढंच. खरं सांगायचं तर त्याला त्याचा अभिमानही होता. एकट्याच्या तोंडावर अख्खी तपासणी उभी आहे, असं घरी येताना मनात यायचं आणि छाती जरा पुढे यायची.

आज त्यानं दार लावून घेतलं, पिशवी टेबलावर ठेवली आणि ती वही काढली. नॉर्मलचा आकडा: तीस, एकतीस, एकोणतीस, तीस. मग मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात एसी बंद पडला होता, चौतीस. मग अडतीस. एप्रिलमध्ये सेहेचाळीस. ऑगस्टमध्ये अठ्ठावन्न. मागच्या आठवड्यात सहासष्ट. हे आकडे त्यानंच लिहिले होते, स्वच्छ, वळणदार अक्षरात. चौतीस झाले तेव्हा तो मॅडमना म्हणाला होता, "तपासणीचं नवं किट जरा तेज आहे." मॅडम म्हणाल्या, "असेल, कंपनीनं काहीतरी बदललं असणार." आणि ते तिथंच राहिलं. अरे पण किट तेज असतं तर सगळ्यांचेच आकडे चढले असते ना! चढत होता तो एकच, नॉर्मलचा. रुग्णांचे होते तिथंच होते, म्हणून दर महिन्याला दुपटीच्या वर जाणारे कमी कमी होत गेले. मॅडमना त्याचा केवढा आनंद! 'उगाच घाबरवणं कमी झालं, आपली तपासणी पक्की झाली,' म्हणून त्यांनी परिषदेत तक्ता दाखवला, परत येताना केक आणला. सुरीनं पहिला तुकडा कापून त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला होता. क्रीम गोड होतं आणि डाव्या बाजूला झोंबलं होतं. केक कधी झोंबतो का? पण तो खाल्ला होता त्यानं, टाळ्यांमध्ये.

त्यानं शिवणकामवालीचं पान काढलं. एप्रिल, तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी. नॉर्मल सेहेचाळीस. भागाकार एक पूर्णांक नऊ. दुपटीच्या खाली, शेऱ्यात त्याच्याच हातचं 'ठीक'. कॅलक्युलेटर समोर असताना त्यानं तो भागाकार बोटांवर केला, कारण हात कॅलक्युलेटरकडे जाईना. अठ्ठ्याऐंशी भागिले तीस. जवळजवळ तीन. तो स्टुलावर बसला. 'जा, निवांत झोपा.' हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणायचा. डॉक्टर कोरडेपणानं बोलतात, आपण दोन शब्द मायेचे बोलावेत, म्हणून म्हणायचा.

तरीही माणसाचं मन मोठं लबाड. अजून ते म्हणतच होतं, की नसेल तसं, मोजून तर बघ. फ्रीझरच्या तळाशी सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या नळीतला थोडासा अंश त्यानं जपून ठेवला होता. दहा जणांची खरी थुंकी, शेवटची. आठवण म्हणून ठेवली होती की उपयोगाची म्हणून, कोण जाणे. बर्फानं चिकटलेली ती कुपी काढताना बोटांची कातडी ओढली गेली. मग बाईची एप्रिलमधली उरलेली नळी. मग एका स्वच्छ नळीत तो स्वतः थुंकला. एरवी या कामाला त्याला दहा सेकंद लागत. आज तोंड कोरडं पडलं होतं, थुंकीच येईना, आणि स्टुलावर वाकून, नळी हनुवटीला लावून, बावन्न वर्षांचा तो गृहस्थ लहान मुलासारखा थेंबाची वाट बघत बसला. तिन्हींच्या तीन तीन खळग्यांत थेंब सोडले, वर झाकण ठेवलं. आता दोन तास मुरवायचं, धुवायचं, दुसरं द्रव्य घालून एक तास थांबायचं, पुन्हा धुवायचं आणि मग रंग. हे घाई करून होत नाही. हे तो नव्या मुलींना नेहमी ऐकवायचा.

त्या तीन-साडेतीन तासांत तो जागचा हलला नाही. कुणी दार वाजवलं, "अहो नॉर्मल, उघडा ना," म्हणालं, हसलं, आणि निघून गेलं. त्याला फॉर्म आठवत होता. निरोगी माणसाचा फॉर्म. 'तंबाखू: आहे / नाही / पूर्वी होती.' त्यानं 'नाही'वर खूण केली होती. मुलगी पोटात असताना सोडली होती, चोवीस वर्षं झाली होती, इतकं जुनं काय उकरायचं. त्याआधी कारखान्यात रात्रपाळी करायचा, तेव्हा अकरा वर्षं डाव्या गालात ती असायची. डाव्याच. आणि 'पूर्वी होती'वर खूण केली असती तर त्याला दहात घेतलं नसतं. सगळ्यांसमोर 'तुम्ही चालणार नाही' म्हणाले असते. केवढीशी गोष्ट! मग बायको आठवली. परवाच जेवताना ती म्हणाली होती, "तिखट निम्म्यावर आणलं तरी तुमचं हाय हाय चालूच. म्हातारे झालात की काय?" तो हसून म्हणाला होता, "तुझ्या हातालाच धार आली." ती म्हणाली, "दाढ दाखवा एकदा. कॅन्सरच्या दवाखान्यात नोकरी आणि दाढ दाखवायला वेळ नाही. काय म्हणावं तुम्हाला!" त्या वेळी दोघंही हसले होते. आता ते हसू आठवून त्याला भीती वाटली, आणि लाजही वाटली, की या सगळ्यात आपल्याला आधी आपलीच भीती वाटते आहे. त्या बाईची नंतर. बाकीच्यांचं तर नावही अजून मनात आलं नाही.

बाकीचे! त्यानं वही पुन्हा ओढली आणि पानं उलटत गेला. ज्यांचा आकडा साठाच्या, म्हणजे खऱ्या तीसच्या दुपटीच्या, वर होता आणि ज्यांना 'ठीक' म्हणून घरी पाठवलं, ते सगळे. एक बसचालक. एक शाळेतली शिक्षिका, जिनं जाताना त्याला पेन भेट दिलं होतं, तेच पेन त्याच्या हातात होतं. एक नुकतं लग्न ठरलेला मुलगा, एकोणतीस वर्षांचा. पुसटशी खूण करत करत तो मोजत गेला. त्रेचाळीस. पुन्हा मोजले. त्रेचाळीसच.

साडेबाराच्या सुमाराला रंगाचं द्रव्य टाकलं. आधी निळं होतं, मग आम्ल टाकलं की पिवळं. जितकं प्रथिन जास्त, तितकं पिवळं गडद. हे बघायला त्याला यंत्र लागत नसे. डोळेच पुरेसे होते. पहिले तीन खळगे लिंबाच्या सालीइतके फिके. मधले तीन, बाईचे, गडद. आणि शेवटचे तीन बाईच्या शेजारी बाईसारखेच. थोडे कमी, पण त्याच घरातले. यंत्रानं नंतर फक्त ते छापून दिलं. तीस. नव्वद. अडुसष्ट. तो कागद हातात घेऊन उभा राहिला. तोंडातून काही शब्द निघाला असावा, कारण बाहेरून मॅडमचा आवाज आला, "काय हो, बरं आहे ना? दार का लावलंय?"

मॅडमना सांगायला त्याला तीन वाक्यं पुरली. त्यांना कळायला वेळ लागला. "किट असेल," त्या म्हणाल्या. "प्लेट नीट धुतली नसेल." मग म्हणाल्या, "पण दहा जण होते ना हो? एकाचा वाढला तरी दहांत मिसळून जातो."

"दहा नव्हते, मॅडम."

"मग किती?"

"मीच होतो."

त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. सहा वर्षं रोज बघितलेला माणूस पहिल्यांदा दिसावा तसं. "आणि वहीतली दहा माणसं?" त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुमच्या भरवशावर मी चारचौघांत उभी राहिले! एकदा, एकदा तरी बोलायचंत!" हे त्या ओरडल्या नाहीत, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना दुसरी गोष्ट सुचली असावी, कारण त्या थांबल्या. मोबाइलची बॅटरी लावून म्हणाल्या, "आ करा." त्यानं आ केला. "जीभ उजवीकडे." त्यानं केली. आयुष्यभर मॅडमनी थुंकीच पाहिली होती, तोंडं बघायचं काम सर्जनचं. तरी त्यांना दिसायचं ते दिसलं. "हे कधीपासून आहे?" "दाढ टोचते," तो म्हणाला. त्यांनी बॅटरी बंद केली.

नंतर त्या भराभर बोलू लागल्या. आधी तुम्ही आत्ताच्या आत्ता सर्जनकडे जा, मी फोन करते. ही प्लेट उद्या मी स्वतः पुन्हा लावणार. मग समितीला कळवायचं, त्यांची बैठक, मग पत्रं, मग रुग्णांना रीतसर बोलावणं. तोवर बाहेर कुणाशी अक्षर बोलू नका. "किती दिवस लागतील?" त्यानं विचारलं. "घाई करून होत नाही हे. तीन आठवडे. फार तर चार." त्यानं मान हलवली. मान हलवायची त्याला सवय होती.

सर्जनच्या रांगेचं टोकन आणि केसपेपर घेऊन तो त्या बाकापाशी आला तर शिवणकामवाली तिथंच बसलेली. मांडीवर शिवायला घेतलेला काहीतरी कपडा होता, काजं करत होती. दोरा दातानं तोडायला गेली, जबड्यात कळ आली, मग पर्समधून कात्री काढली. त्याच्या हातातला केसपेपर बघून ती म्हणाली, "हे काय? तुम्ही आणि या रांगेत?" तो तिच्या शेजारी बसला. मॅडमनी अक्षर बोलू नका म्हटलं होतं. सांगायला कुठून सुरुवात करायची तेही त्याला कळेना, म्हणून त्यानं सगळंच सांगितलं. दहा माणसं, मग चार, मग तो एकटा. 'नाही'वर केलेली खूण. सेहेचाळीस, अठ्ठ्याऐंशी, एक पूर्णांक नऊ. "तुमचं तोंड माझ्या तोंडाशी ताडून बघितलं," तो म्हणाला, "आणि माझंच नासलेलं होतं. म्हणून तुमचं बरं वाटलं."

बाईची सुई थांबली. ती रडेल, ओरडेल, मारेल, काहीही करेल असं त्याला वाटत होतं, आणि मारलं असतं तर बरंच झालं असतं. ती कपड्यावरच्या काजाकडे बघत होती. "एप्रिलमध्ये केवढं होतं माहितीय?" ती म्हणाली. "मसुराच्या दाण्याएवढं. मी रोज आरशात बघायचे. तुम्ही झोपा म्हणालात आणि मी बघायचं सोडून दिलं." मग, "झोप मात्र छान लागली हो. अगदी छान." त्याला रडू फुटलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच बाकावर, ज्याच्यासमोरून तो रोज 'सरका' म्हणत गेला होता.

तिनं त्याला रडू दिलं नाही. "किती जण?" तिनं विचारलं.

"त्रेचाळीस."

"माझ्यासकट?"

"तुमच्यासकट."

"त्यांना कुणी सांगितलंय?"

"अजून नाही. तीन आठवड्यांत पत्रं जातील. रीतसर."

"तीन आठवडे," ती म्हणाली. तिनं रुमाल पुन्हा तोंडाशी धरला, त्यामुळे पुढचं दबक्या आवाजात आलं, पण त्याला एकेक अक्षर ऐकू आलं. "म्हणजे बेचाळीस माणसं आज रात्री निवांत झोपणार. मग इथं काय बसलात?"

तो उठला. आतून त्याचा नंबर पुकारला, एकदा, दोनदा. तो प्रयोगशाळेकडे गेला, दार सताड उघडं ठेवलं, वही समोर घेतली आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. बसचालक. घंटा बराच वेळ वाजली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, मागे गाडीचा आवाज होता. "कोण बोलतंय?" त्या माणसानं विचारलं. जीभ खरखरीत जागेवर घासली आणि झोंबली. त्यानं या इमारतीत कित्येक वर्षांत कुणी न घेतलेलं आपलं खरं नाव आधी सांगितलं. मग म्हणाला, "गाडी बाजूला घ्या. मी थांबतो."